चाळीस त्यांच्या, चाळीस आपल्या

सही करून झाली होती. शुक्रवारी संध्याकाळी थोरलीनं ती बाहेरच्या कंपनीच्या कचेरीत बसून केली होती, आणि आता रविवारी सकाळी ती कारखान्यावरच्या माळ्यावर सगळ्यांसाठी खुर्च्या मांडत होती, जसं काही अजून ठरायचंच आहे. करार पर्समध्ये होता, पर्स खुंटीला होती, आणि दर दोन मिनिटांनी बाईंचं लक्ष खुंटीकडे जात होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

ती स्वतःला सांगत होती की दुसरा मार्गच नव्हता. तीन वर्षांपूर्वी वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, लिफ्ट दुरुस्तीच्या धंद्यातून तिनं आणि धाकट्या भावानं ही नवी कंपनी उभी केली. तक्रार आली की कुठली लिफ्ट, काय दुखणं, जवळ कोण मेकॅनिक आहे हे सगळं आपोआप जुळवून माणूस धाडायचा, असा प्रोग्रॅम धाकट्यानं चार पोरांना हाताशी धरून लिहिला. अडीचशे लिफ्ट त्यावर छान चालल्या. आणि मग एका बांधकाम कंपनीनं विचारलं, आमच्या नऊशे लिफ्ट पाच महिन्यांत घ्याल का? हो की नाही ते दोन महिन्यांत कळवा. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तशी गत!

धाकटा म्हणत होता, आणखी सहा जण घेऊ, घरीच करू. प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडे साठ जण तयार बसले होते, पण तेही तेवढेच दिवस. त्यानंतर ते दुसऱ्या कामाला लागणार होते. बहीणभावात ठरलं होतं असं, की दोघांची परीक्षा घ्यायची. ऐंशी लिफ्ट निवडायच्या. चाळीस बाहेरच्यांच्या प्रोग्रॅमवर, चाळीस आपल्या प्रोग्रॅमवर. धाकट्यानंच बाहेरच्यांना सगळं काम कागदावर लिहून दिलं, एकशे बेचाळीस पानं. पंधरा दिवस चालवायचं, रविवारी निकाल बघायचा, मग ठरवायचं. पण परीक्षा संपता संपता दोन्ही कंपन्यांचा निरोप आला, शुक्रवारी सहापर्यंत काय ते कळवा, आणि थोरली रविवारपर्यंत थांबली नाही, एवढंच.

एवढंच कसलं! चौदा वर्षांपूर्वी याच कारखान्यात आप्पांनी मोटरी भरायचं काम काकांना न विचारता बाहेर दिलं होतं. मोटरीत नव्यानं तार भरणं हे काकांचं खातं. सकाळी काका आले तेव्हा सहा माणसं हात बांधून बसलेली. काका जे गेले ते तेरा वर्षांनी परतले, तेही गेल्या वर्षी, पुतण्यानं, म्हणजे धाकट्यानं, हाताला धरून आणलं म्हणून. नव्या मेकॅनिकांना शिकवायला. अजूनही दोघं भाऊ एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. आणि तेव्हा आप्पांना तोंडावर 'तुम्ही विचारायला हवं होतं' असं सुनावणारी कोण होती? हीच. एकोणीस वर्षांची होती, जीभ कात्रीसारखी चालायची.

"खुर्च्या मांडतेस की मोजतेस?" मागून आप्पा म्हणाले. "पाच माणसं आणि आठ खुर्च्या?"

"असू देत," ती म्हणाली आणि तीन परत उचलल्या.

आत्या आधीच येऊन बसली होती, आपल्या टेबलाशी, फोनजवळ. दोघा भावांची ही थोरली बहीण. एकतीस वर्षं तक्रारीचा फोन तिच्याच हातात. प्रोग्रॅम आला तरी लोक नंबर दाबण्याऐवजी 'त्या बाईंना द्या' म्हणायचे. काका जिन्यावरून आले, पायातल्या चपला ओळीत लावल्या आणि आप्पांपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसले. धाकटा सगळ्यात शेवटी आला. दाढी वाढलेली, डोळे लाल. लॅपटॉप उघडून त्यानं भिंतीवर आकडे लावले आणि बाजूला उभा राहिला.

सगळ्यांनी माना वर करून आकडे वाचले.

बाहेरच्यांच्या चाळीस लिफ्टच्या एकसष्ट तक्रारी. माणूस सरासरी अडतीस मिनिटांत पोचलेला. एकसष्टच्या एकसष्ट मिटलेल्या. आपल्या चाळीस लिफ्टच्या अठ्ठावन्न तक्रारी. माणूस पंचावन्न मिनिटांत. सत्तेचाळीस मिटलेल्या, अकरा अजून उघड्या.

"झालं," आप्पा म्हणाले, आणि त्यांना आनंद लपवता येईना. "हातच्या काकणाला आरसा कशाला? साठ माणसं ती साठ माणसं. आपल्या पोरानं जीव तोडून केलं, मी नाही म्हणत नाही. पण आपला तो बाब्या आणि लोकांचं ते कारटं असं करून धंदा होत नसतो."

"अक्का," काका आत्याला म्हणाले, "तुझ्या भावाला विचार, की बाहेर दिलेल्या मोटरी दोन-दोन वर्षांत जळायला लागल्या तेव्हा हे काकण कुठं होतं?"

"तो समोर बसलाय," आत्या म्हणाली. "तूच विचार. मी काय पोस्टमन आहे?"

पण काकांचाही जोर ओसरला होता. त्यांनी पुन्हा भिंतीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अडतीस मिनिटं म्हणजे चांगलंच आहे रे. खोटं का बोला?"

म्हणजे काकाही गेले त्या बाजूला! थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. सगळे आता तिनं केलं तेच म्हणत होते. अजून दहा मिनिटांत एकमत होईल, सोमवारी सही केली असं सांगता येईल, तारीख कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं भावाकडे पाहिलं. तो आकड्यांकडे बघत होता आणि कपाळाला आठी होती. ती आठी तिला लहानपणापासून ठाऊक. हरल्याची नव्हती ती. काहीतरी जुळत नसलं की पडायची.

"अकरा उघड्या का आहेत आपल्या?" त्यानं स्वतःलाच विचारलं.

"मी ठेवल्यात," आत्या म्हणाली.

"तू?"

"मग कोण? दुसऱ्या दिवशी फोन केला, लोक म्हणाले अजून नीट नाही. मग मिटवू कशी? परत धाडलाय माणूस." आत्यानं चष्मा पुसला. "त्या दुसऱ्या चाळीसांची यादी मला कुणी दिलीच नाही. मी म्हटलं असेल त्यांची काही वेगळी पद्धत. साठ माणसं आहेत, मी कशाला नाक खुपसू?"

धाकटा खाली बसला. खुर्ची मागं होती म्हणून बरं.

या घरात लिफ्ट दुरुस्त झाली असं मेकॅनिक म्हणाला म्हणून ती दुरुस्त झाली असं कधीच कुणी धरलं नव्हतं. मेकॅनिक काम करून यायचा, आणि दुसऱ्या दिवशी आत्या फोन करायची. तिनं बरं म्हटलं की बरं. ही पद्धत कुणी काढली, कधी काढली, कुणाला आठवत नव्हतं. धाकट्यानं आपल्या प्रोग्रॅममध्ये ती घातली होती, पण घातली हेही त्याच्या ध्यानात नव्हतं. आणि बाहेरच्यांसाठी लिहिलेल्या एकशे बेचाळीस पानांत ती नव्हती. भाजीत मीठ घाला असं घरात कुणी कुणाला लिहून देतं का?

"यादी काढतो," तो म्हणाला. "आत्या, लावतेस फोन?"

"आत्ता? रविवारी?"

"आत्ताच लाव."

आत्यानं घसा खाकरला, फोनचा आवाज मोठा केला आणि पहिला नंबर फिरवला. थोरली एवढी वर्षं तिच्या शेजारच्या टेबलावर बसत आली होती, पण आज पहिल्यांदाच तिनं नीट ऐकलं. आत्या 'लिफ्ट चालते का' असं विचारतच नव्हती. असं विचारलं की सगळेच हो म्हणतात. ती विचारायची, "आज खाली उतरलात का हो? कशा उतरलात?" आणि मग गप्प बसायची. समोरचा माणूस आपोआप बोलू लागायचा.

चौथा फोन एका आजोबांना लागला. "चालते की, झकास चालते. फक्त माझ्या मजल्यावर थांबत नाही."

"अग बाई! मग करता काय?"

"एक मजला वर जातो आणि जिन्यानं उतरतो. तेवढाच व्यायाम. त्यात काय तक्रार करायची?"

आप्पा खो खो हसले. काकाही हसले, पण आप्पांकडे न बघता. आत्यानं वहीत खूण केली. तासाभरात बावीस फोन झाले आणि सात खुणा पडल्या. आता कुणी हसत नव्हतं.

तेविसावा फोन एका बाईंनी उचलला. दार अडकत होतं, तुमचा माणूस आला, दार नीट केलं, त्या म्हणाल्या. चांगला होता बिचारा.

"आज खाली उतरलात का?"

"मी उतरले. आईला नाही नेलं. सहा दिवस झाले."

"का हो?"

"चाकाची खुर्ची आहे ना तिची. लिफ्ट उतरताना तीन बोटं खाली जाऊन थांबते. पुढची चाकं अडकतात, मला एकटीला उचलत नाही. पण तुमच्याकडून मेसेज आला होता, तुमचं काम पूर्ण झालं आहे, धन्यवाद म्हणून. मला वाटलं, याहून जास्त होत नसेल."

आत्यानं वहीत जाड खूण केली. मग म्हणाली, "होतं हो. होतं. तासाभरात माणूस येतो. आईंना सांगा, आज खाली जायचंय." फोन ठेवून ती भावांवर खेकसली, "बसलात काय बघत? सहा दिवस! आपल्या नावानं धन्यवाद म्हटलंय तिला!"

थोरलीची नजर पुन्हा खुंटीकडे गेली. हे सगळं ज्यात नव्हतं त्या कामावर तिची सही होती.

काका उठलेच होते. "ब्रेकची पट्टी झिजलीय, दुसरं काही नाही. मीच जातो." आणि जाता जाता त्यांना राहवलं नाही. वळून म्हणाले, "बघितलंत? अडतीस मिनिटं म्हणे! घर ते घर. पोरा, जिंकलास तू!"

आणि खरंच, जिंकला होता तो. आप्पांचा चेहरा पडला होता. आता फक्त 'मी म्हणत होतो ना' एवढं म्हणायचं बाकी होतं. थोरली वाट बघत राहिली.

"नाही काका," धाकटा म्हणाला. "चूक त्यांची नाही. मी लिहून दिलं तेच त्यांनी केलं. जे मी लिहिलंच नाही ते त्यांनी कुठून करावं? त्या बाईंच्या आई सहा दिवस घरात बसल्या त्या माझ्यामुळं."

एवढं तयार ताट पुढं ठेवावं आणि माणसानं ते सारून द्यावं! काका हत्यारांच्या कपाटाकडे गेले.

"ती जुनी लिफ्ट आहे," आप्पा खुर्चीतून म्हणाले. "अक्का, त्याला सांग, तिला साधी पट्टी बसत नाही. जाड लागते."

"माहितीये मला!" काका कपाटात डोकं घालून ओरडले. ते सरळ आप्पांनाच ओरडले होते, हे दोघांच्याही उशिरा लक्षात आलं.

"माहितीये तर पातळ का उचललीस?" आप्पा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण उठले. "थांब. तुला एकट्याला काही दिसायचं नाही. मी येतो."

"चष्मा घे आधी तुझा!"

जिना उतरताना दोघांचं भांडण खालपर्यंत ऐकू येत होतं. कुठला पाना, कुठला रस्ता, गाडी कुणी चालवायची. आत्या कान देऊन ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांना धार लागली होती. "मेले," ती म्हणाली. "मेले दोघंही."

माळ्यावर आता तिघंच उरली. धाकट्यानं भिंतीवरचे आकडे बंद केले.

"ताई, त्यांचंच घ्यायचं," तो म्हणाला.

"काय?"

"मी त्यांचं सगळं वाचलंय, एकूणएक ओळ. माझ्यापेक्षा चांगलं लिहिलंय त्यांनी. बरंच चांगलं. माझा प्रोग्रॅम नऊशे लिफ्टला खाली बसेल. सहा जण आणखी घेतले तरी त्यांना शिकवण्यातच पाच महिने जातील. काखेत कळसा आणि गावाला वळसा तसा मी दोन वर्षं हेच लिहीत बसलो, आणि आपल्याकडे खरं जे होतं ते आत्याच्या फोनमध्ये होतं. ते बाहेर देता येत नाही, कारण ते काय आहे हे आपल्यालाच माहीत नाही. आज एक सापडलं. अशा आणखी किती गोष्टी असतील?"

"मग?"

"मग लिहायचं काम त्यांना द्यायचं, आणि काय लिहायचं ते शोधायचं काम आपण ठेवायचं. आपल्या चार पोरांपैकी दोघं मेकॅनिकांबरोबर फिरतील. दोघं रोज बाहेरून येईल ते तपासतील. आणि मिटली असं म्हणायचं बटण फक्त आत्याच्या हातात. नऊशे लिफ्टना एकटी आत्या पुरणार नाही, तेव्हा मी दोन महिने तिच्याजवळ बसतो आणि शिकतो. मग माणसं घेऊ, त्यांना शिकवू."

"माझ्या टेबलापाशी जागा नाहीये," आत्या डोळे पुसत म्हणाली. "आणि तुला गप्प बसता येतं का? माझं निम्मं काम गप्प बसायचं आहे."

थोरली भावाकडे बघत राहिली. दोन वर्षं या माणसानं सुट्टी घेतली नव्हती. तो प्रोग्रॅम त्याचं लेकरू होता. जिंकलेला डाव हातात असताना त्यानं तो समोरच्याला देऊन टाकला, कारण समोरच्याचं काम चांगलं होतं. तिला त्याचा खूप अभिमान वाटला, आणि तितकीच स्वतःची लाज वाटली. गप्प बसलं असतं तर कुणाला काहीच कळलं नसतं. तोच म्हणत होता, त्यांचंच घ्यायचं. सगळं आपोआप मिटलं होतं.

तिनं खुंटीवरची पर्स काढली, करार टेबलावर ठेवला.

"मी शुक्रवारीच सही केलीय," ती म्हणाली. "तुला न विचारता. रविवारपर्यंत थांबले तर काम जाईल अशी भीती वाटली. तू नाही म्हणशील अशीही वाटली. खरं म्हणजे तीच जास्त वाटली. आप्पांनी काकांशी केलं तेच मी तुझ्याशी केलं."

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. धाकट्यानं करार उचलला नाही.

"माहितीये," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"शनिवारी सकाळी त्यांच्या कंपनीतल्या बाईंचा मेसेज आला, आता आपण एकत्र काम करणार, खूप आनंद झाला म्हणून." त्यानं डोळे चोळले. "मी दिवसभर त्यांचा कोड वाचत बसलो. चूक शोधायलाच बसलो होतो, खोटं कशाला सांगू? एखादी तरी घोडचूक सापडावी आणि तुझ्या तोंडावर मारावी. नाही सापडली."

"आणि तरी आज तू म्हणालास, त्यांचंच घ्यायचं?"

"चांगलं आहे म्हणून म्हणालो. तू मला विचारलं नाहीस म्हणून त्यांचं काम वाईट होतं का?"

"मग आल्या आल्या बोलला का नाहीस?"

"तू सांगतेस का, वाट बघत होतो."

"आणि नसतं सांगितलं तर?"

"काम केलंच असतं, दहा ते सहा. त्यापलीकडे तुझ्याशी बोललो नसतो."

"राग आलाय?"

"खूप," तो म्हणाला. "काल रात्रभर झोपलो नाहीये मी. पुढच्या वेळी मी नाही म्हणणार हे तुला शंभर टक्के ठाऊक असलं तरी विचारायचं."

"विचारीन," ती म्हणाली. "आपल्या चार पोरांना मी सांगते उद्या. मी केलं, मीच सांगते."

"नाही. त्यांना मी कामावर घेतलंय, मी सांगणार." त्यानं आता करार जवळ ओढला आणि आत्याच्या टेबलावरचं पेन उचललं. "आणि सांगताना 'ताईनं केलं' असं म्हणायचं नाहीये मला."

"अरे, सही एकाचीच लागते," आत्या म्हणाली. "ती झालीय. तुझ्या सहीला आता काय अर्थ?"

"कायद्यात काही नाही."

थोरलीच्या सहीखाली जागा अशी नव्हतीच. त्यानं समासात, आडव्या बारीक अक्षरात सही केली, तारीख आजची घातली आणि पुढचं पान उलटलं. एकूण अकरा पानं होती. तो प्रत्येक पान आधी वाचत होता आणि मगच सही करत होता, त्यामुळं वेळ लागत होता. शेवटच्या पानापर्यंत थोरली त्याच्याशेजारी उभी राहिली.